काल्याचं गाव वृंदावन



सप्त्याचा शेवट काल्याच्या कीर्तनानं होतो. हंडी फुटते, आपण एकमेकांच्या मुखात काला घालतो आणि मगच घरी जातो. आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्या निमित्तानं हा काला ज्या गावी झाला त्याचा इतिहास आम्ही थोडक्यात मांडतो.

वृंदावन हे उत्तर प्रदेशात यमुनाकाठी, मथुरेपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. देव जन्मला मथुरेत, रांगला गोकुळात. गोकुळात पूतना, तृणावर्त असे उत्पात सुरू झाले, तेव्हा जाणत्या मंडळींनी विचार केला, गाड्या जुंपल्या आणि गुरंढोरं घेऊन सगळे वृंदावनात आले, असं भागवतात आहे. म्हणजे आपल्यासारख्या गुरं राखणाऱ्यांनी वसवलेलं हे गाव. तिथं देवानं आधी वासरं राखली, मग गाई राखल्या. अघासुराला मारल्यावर यमुनेच्या वाळवंटात सवंगड्यांनी शिदोऱ्या सोडल्या, तोच आपला काला. पुढं कालियाला डोहातून घालवून देवानं यमुनेचं पाणी गोड केलं.

काळ लोटला, रान माजलं, लीलेच्या जागा लोक विसरले. तेव्हा बंगालचे चैतन्य महाप्रभू १५१५ च्या सुमारास तिथं गेले. हे महाप्रभू त्याआधी आपल्या पंढरीलाही येऊन गेलेले. त्यांचे थोरले बंधू विश्वरूप संन्यास घेऊन निघाले, ते पंढरीतच देवाला मिळाले, असं चैतन्यचरितामृत ग्रंथात लिहिलंय. महाप्रभूंच्या सांगण्यावरून रूप आणि सनातन हे दोघे भाऊ बंगालच्या सुलतानाची मोठी चाकरी सोडून वृंदावनात राहिले. त्यांनी जुन्या जागा शोधल्या, ग्रंथ लिहिले, सेवा लावली. १५९० साली राजा मानसिंगानं तांबड्या दगडाचं गोविंददेवाचं मंदिर बांधलं.

औरंगजेबाच्या काळात त्या मंदिराचे वरचे मजले पाडले गेले. पुजाऱ्यांनी मूर्ती आधीच हलवल्या होत्या. गोविंददेव आज जयपुरात आहेत, मदनमोहन करौलीत. १७५७ साली अब्दालीच्या फौजेनं मथुरा-वृंदावनात कत्तल केली. पुढं आपले महादजी शिंदे मथुरेत तळ देऊन राहिले. ते स्वतः कृष्णभक्त, पदं रचणारे. कळस गेला, मूर्ती गेली, माणसं गेली, तरी गाव पुन्हा उभं राहिलं. आजही लोक अनवाणी वृंदावनाची परिक्रमा करतात.

यावरून आम्हाला एवढंच कळतं की गाव देवाचं असलं तरी ते राखायचं माणसांनी. दगड पडले तरी चालणारे पाय होते, म्हणून वृंदावन राहिलं. पण आज दिल्लीसारख्या शहरांची घाण त्याच यमुनेत येते. हा कालिया आपणच आणून सोडला. आपल्या चंद्रभागेची गतही निराळी नाही. तेव्हा दिंडीतल्या तरुण माउलींना पाया पडून विनंती, की वारी चुकवू नका आणि वाळवंटात आपल्या हातून कचरा पडू देऊ नका. पुढच्या शंभर वर्षांच्या वारकऱ्यांना काला करायला वाळवंट स्वच्छ मिळालं पाहिजे.