दात दुखतो इथे, डॉक्टर सीमेपलीकडे : 'दाढांच्या गावा'ची गोष्ट

नेहमीप्रमाणे हेडफोन लावा, आणि दाढ दुखत असेल तर त्या बाजूचा स्पीकर जरा हळू ठेवा. आजचा विषय दातांचा आहे. पण ब्रश कसा करावा वगैरे सांगणार नाही, ते टूथपेस्टच्या जाहिरातवाल्यांचं काम. आज आपण बघणार आहोत की स्वतःच्या देशात डेंटिस्टचा खर्च झेपत नाही म्हणून माणसं दुसऱ्या देशात का जायला लागली. आणि ही सवय लागली कधी?

सुरुवात एका गावापासून करू. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्यात, अगदी ईशान्येच्या टोकाला, लॉस अल्गोदोनेस नावाचं गाव आहे. स्पॅनिशमध्ये अल्गोदोन म्हणजे कापूस. म्हणजे आपल्या भाषेत कापूसवाडीच म्हणा ना! वस्ती पाच-सहा हजारांची. आणि या एवढ्याशा गावात डेंटिस्ट किती? पाचशे-सहाशेच्या घरात! उत्तरेला अमेरिकेची सीमा. गाडी अमेरिकेच्या बाजूला पार्क करायची, चालत सीमा ओलांडायची, की पहिल्या चौकापासूनच पाट्या सुरू : क्राऊन, इम्प्लांट, रूट कॅनल. अमेरिकन लोकांनी गावाला नावच दिलंय, मोलर सिटी. दाढांचं गाव.

आता कुणी म्हणेल, यात काय एवढं, मेक्सिको स्वस्त म्हणून लोक जातात. बरोबर आहे, पण अर्धंच. स्वस्त तर मेक्सिकोत हृदयाचं ऑपरेशनही असतं. मग त्यासाठी असं गाव का नाही वसलं? दाताचंच का? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल.

दात शरीराच्या बाहेर कसा गेला?

युरोपात कित्येक शतकं दात उपटायचं काम न्हावी करायचे. दाढी, जखमेची मलमपट्टी आणि दात, सगळं एकाच खुर्चीत. दातांचं शास्त्र म्हणून शिक्षण देणारं जगातलं पहिलं कॉलेज निघालं १८४० मध्ये, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोर शहरात. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस या दोघांनी ते काढलं. असं सांगतात, की त्यांनी आधी तिथल्या मेडिकल कॉलेजला 'दातांचा विषयही शिकवा' म्हणून विनंती केली आणि कॉलेजनं ती धुडकावली. ही गोष्ट शब्दशः खरी असेलच असं इतिहासकार मानत नाहीत. पण पुढे घडलं ते तसंच. डॉक्टरांचं कॉलेज वेगळं, डेंटिस्टचं वेगळं. पदवी वेगळी, दवाखाना वेगळा, बिल वेगळं.

म्हणजे बघा, डोळा शरीराचा, गुडघा शरीराचा, पण दात मात्र जणू भाड्यानं राहायला आलेला!

ही फारकत पैशाच्या दृष्टीनं महागात पडली १९६५ मध्ये. ३० जुलैला अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी सरकारी आरोग्य विमा. केवढी मोठी गोष्ट! पण त्याच कायद्यात एक कलम होतं, की दातांचे नेहमीचे उपचार यात धरले जाणार नाहीत. म्हणजे ज्या वयात दात पडायला लागतात, नेमक्या त्याच वयाच्या विम्यातून दात वगळले. ते कलम आजही आहे. २०२१ मध्ये दातांचा समावेश करायचा प्रयत्न झाला, पण तो बारगळला. सरसकट सगळ्यांना असा लाभ द्यायला खुद्द डेंटिस्टच्या राष्ट्रीय संघटनेचाच विरोध होता.

खासगी डेंटल विमा मिळतो तिकडे, नाही असं नाही. पण त्यातल्या अनेक पॉलिसी वर्षाला हजार-दोन हजार डॉलरच्या वर देत नाहीत. एका इम्प्लांटमध्ये एवढे पैसे सहज संपतात.

कापूसवाडीची दाढवाडी

आता परत मेक्सिकोत येऊ. १९६९ मध्ये बर्नार्डो मगान्या नावाचे एक तरुण डेंटिस्ट लॉस अल्गोदोनेसमध्ये आले. तेव्हा गाव म्हणजे मुख्यतः दारूचे गुत्ते आणि सीमेपलीकडून मौजमजेला येणारी गिऱ्हाईकं. मगान्यांनी तिथे दातांचा दवाखाना थाटला. पेशंट यायला लागले, मग दुसरे डेंटिस्ट आले, मग तिसरे. हळूहळू बारच्या जागी क्लिनिक उभी राहिली.

गिऱ्हाईक कुठून आलं? शेजारी, अमेरिकेच्या बाजूला, अॅरिझोनातलं युमा शहर आहे. तिथे हिवाळ्यात कॅनडातून आणि उत्तर अमेरिकेतून हजारो निवृत्त माणसं उबेला येऊन राहतात. 'स्नोबर्ड्स' म्हणतात त्यांना. वय साठ-सत्तर, हातात वेळ भरपूर, पेन्शन मोजकी, आणि मेडिकेअरमध्ये दात नाहीत. आणि हाकेच्या अंतरावर डेंटिस्ट. जुळलं की गणित!

त्यात पैशाच्या भावानंही हात दिला. डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचा पेसो कोसळला आणि काही महिन्यांतच डॉलरचा भाव दुपटीवर गेला. मेक्सिकन माणसाचं कंबरडं मोडलं, पण डॉलर घेऊन येणाऱ्याला तेच गाव आणखी स्वस्त झालं. हे जरा लक्षात ठेवा. अशा गावांची भरभराट बऱ्याचदा कुणाच्या तरी पडझडीवर उभी असते.

मग तिथला डेंटिस्ट स्वस्त का? हाताला कमी कौशल्य असतं म्हणून? तसं सरसकट म्हणता येत नाही. मेक्सिकोत बारावीनंतर थेट डेंटिस्टचं शिक्षण सुरू होतं आणि सरकारी विद्यापीठात फी फारच कमी. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं डेंटल स्कूल, आणि बाहेर पडताना डोक्यावर लाखो डॉलरचं कर्ज. ते कर्ज, जागेचं भाडं, स्टाफचे पगार, विम्याचे हप्ते, हे सगळं पेशंटच्या बिलात उतरतं. शिवाय अल्गोदोनेसमध्ये दात बनवणाऱ्या लॅब गावातच आहेत, त्यामुळे काम लवकर हातात. आणि गल्लीत समोरासमोर दहा क्लिनिक असल्यावर भाव पडणारच. रस्त्यावर गिऱ्हाईक खेचणारी पोरंही उभी असतात. त्यांना 'हालादोरेस' म्हणतात, म्हणजे ओढणारे. आपल्या एसटी स्टँडवरचे रिक्षावाले आठवा, बस्स!

फ्रिज तिकडून, दात इकडून

ही गोष्ट एकट्या अमेरिकेची नाही. युरोपात चला. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना, आणि तिथून गाडीनं तासाभरावर हंगेरीची सीमा. १९७९ पासून या दोन देशांमधली व्हिसाची अट गेली. हंगेरीत तेव्हा कम्युनिस्ट राजवट होती, तरी ऑस्ट्रियन लोक सोप्रोनसारख्या सीमेवरच्या गावात यायचे. केस कापायचे, चष्मा करायचे, दात दाखवायचे आणि संध्याकाळी घरी. १९८८ मध्ये हंगेरियन लोकांनाही पश्चिमेकडे मोकळेपणानं जायची परवानगी मिळाली. तेव्हा त्यांच्या गाड्यांच्या रांगा व्हिएन्नाकडे लागल्या, फ्रीझर आणि टीव्ही आणायला! एकाच रस्त्यावर एका बाजूनं फ्रीझर चाललेत, दुसऱ्या बाजूनं दाढा. त्याच सोप्रोनजवळ १९८९ च्या उन्हाळ्यात लोखंडी पडद्याची तार कापली गेली.

पुढे १ मे २००४ ला हंगेरी युरोपियन युनियनमध्ये आला, स्वस्त विमानं सुरू झाली आणि गिऱ्हाईक ब्रिटनमधूनही यायला लागलं. ब्रिटनचा किस्सा तर भारीच आहे. १९४८ मध्ये त्यांची सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा कवळीसुद्धा फुकट होती. लोकांची अशी झुंबड उडाली की सरकारचा हिशोबच चुकला. १९५१ मध्ये कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावायचं ठरलं. ज्यांनी ही सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हन यांनी त्याचा निषेध म्हणून मंत्रिपद सोडलं! कवळीपायी राजीनामा! पण ते शुल्क काही गेलं नाही. आज ब्रिटनच्या बऱ्याच भागांत सरकारी दरानं पाहणारा डेंटिस्ट मिळता मिळत नाही. मग माणूस बुडापेस्टचं तिकीट काढतो.

स्वस्त, पण कुणासाठी?

आता दुसरी बाजू. इम्प्लांट हे एका दिवसाचं काम नाही. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात घट्ट बसायला काही महिने लागतात. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रोनमार्क यांच्या लक्षात आलं १९५२ मध्ये, सशाच्या हाडावर प्रयोग करताना. माणसाच्या जबड्यात त्यांनी ते बसवलं १९६५ मध्ये. हो, मेडिकेअरचंच वर्ष! पण आठवड्याची सुट्टी काढून गेलेल्या पेशंटकडे काही महिने नसतात. दोन खेपा कराव्या लागतात, किंवा मग घाई होते. आणि घरी परतल्यावर दुखायला लागलं तर? इकडचा डेंटिस्ट दुसऱ्याच्या कामाला हात लावायला कचरतो, आणि तिकडे दाद मागायची तर कायदा परका, भाषा परकी. म्हणून जाणाऱ्यानं भावाच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. काम बिघडलं तर जबाबदारी कुणाची? आणि एक्स-रेसकट सगळे कागद माझ्या हातात मिळणार का?

पण ज्यांना जाणंच जमत नाही त्यांचं काय? सीमा ओलांडायलाही पासपोर्ट लागतो, गाडी लागते, सुट्टी लागते. २००७ मध्ये मेरीलँडमध्ये १२ वर्षांचा एक मुलगा वारला. दातातला संसर्ग मेंदूपर्यंत पोचला होता. घरची गरिबी, सरकारी विम्याची मुदत संपलेली. तो दात काढायला साधारण ८० डॉलर लागले असते. त्याला वाचवायच्या धडपडीत अडीच लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, तरी पोर हाती लागलं नाही. आणि हे कुठे? जगातलं पहिलं डेंटल कॉलेज ज्या राज्यात निघालं, तिथेच.

आणि आपण?

आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. अमेरिकेतला मावसभाऊ सुट्टीत पुण्याला आला की लग्नकार्य, चितळ्यांची बाकरवडी आणि रूट कॅनल, तिन्ही उरकून जातो. आपल्याला वाटतं, वा, आपण किती स्वस्त! पण स्वस्त ते डॉलरवाल्याला. घरातला मेडिक्लेम काढून वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही. १८४० ची ती फारकत आपल्याही कपाटातल्या फाईलमध्ये येऊन बसलेली आहे. फरक एवढाच, की आपल्या बहुतेकांना ओलांडायला जवळ कुठली स्वस्त सीमा नाही. मग आपण काय करतो? लवंग ठेवतो आणि पगाराची वाट बघतो.

म्हणून मला वाटतं, लॉस अल्गोदोनेस हे स्वस्ताईचं गाव नाहीच. दात हा शरीराचा भाग नाही असं कायद्यानं एकदा ठरवलं की काय होतं, ते त्या गावाच्या पाट्यांवर लिहिलेलं आहे.

तर मंडळी, आज एक काम करा. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, जेवताना कुठल्या बाजूनं चावता? उत्तर ऐकून कळेल की किती दिवसांचं दुखणं गप्प बसलंय. एपिसोड आवडला तर मित्रमैत्रिणींना पाठवा, विशेषतः सुट्टीत दात करून जाणाऱ्या त्या मावसभावाला. भेटू पुढच्या भागात. तोवर, चावून खा!