फास्टर फेणे : फुरसुंगी ते रुपेरी पडदा
मराठी साहसवीराला पडद्यावर आणण्याच्या दोन प्रयत्नांचा मागोवा

शिरोळ - प्रतिनिधी

कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सांगलीच्या शेजारी वसलेल्या शिरोळ तालुक्यात सायकलवरून शाळा गाठणारी मुले आणि पुढील शिक्षणासाठी पुण्याची वाट धरणारे विद्यार्थी ही दोन्ही दृश्ये नवी नाहीत. मराठी बालवाङ्मयातील सर्वांत गाजलेला साहसवीरही याच वाटेवरचा. खेडेगावातून पुण्यात शिकायला आलेला, किडकिडीत अंगाचा, सायकलवर वाऱ्याशी स्पर्धा करणारा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे. त्यामुळे फुरसुंगीचा हा मुलगा शिरोळ, जयसिंगपूर वा कुरुंदवाडच्या वाचकालाही कधी परका वाटला नाही.

पुस्तकातून तो पडद्यावर दोनदा आला. पहिल्यांदा १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आणि दुसऱ्यांदा २०१७ साली चित्रपटगृहात. दोन्ही वेळी त्याला आणणाऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा होता. ज्याचे वय कधी वाढत नाही, असा मुलगा बदललेल्या काळात उभा कसा करायचा? दोन प्रयत्नांनी या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे दिली. ती समजून घेणे मराठी साहसकथेच्या भवितव्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

कोण हा फास्टर फेणे?

फास्टर फेणेचे जनक भास्कर रामचंद्र भागवत, अर्थात भा. रा. भागवत (१९१०-२००१). 'बालमित्र' या मुलांच्या मासिकाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानरंजक कादंबऱ्या त्यांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. बिपिन बुकलवारसारखी इतर बालपात्रेही त्यांनी निर्माण केली. तथापि त्यांची खरी ओळख ठरला तो फास्टर फेणेच.

पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकतो. चपळाईमुळे त्याला 'फास्टर' हे नाव पडते. काही सुचले किंवा मनासारखे घडले की जिभेने 'ट्टॉक्' असा आवाज काढण्याची त्याची लकब वाचकांच्या दोन पिढ्यांनी उचलली. वीस पुस्तकांच्या या मालिकेत तो प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत पोहोचला. 'बालबहाद्दर फास्टर फेणे', 'जवानमर्द फास्टर फेणे', 'प्रतापगडावर फास्टर फेणे', 'गुलमर्गचे गूढ आणि फास्टर फेणे' या शीर्षकांवरूनच त्याच्या मुलुखगिरीची कल्पना येते.

त्याच्याकडे अलौकिक शक्ती नाही, पिस्तूल नाही की श्रीमंत वडिलांचे पाठबळ नाही. उघडे डोळे, सायकल आणि संकट दिसताच पाय मागे न घेण्याचा स्वभाव एवढेच त्याचे भांडवल. वाचणाऱ्या मुलाला 'हे मलाही जमेल' असे वाटावे, ही या मालिकेची खरी ताकद होती.

रहस्यकथांचे नायक पडद्यापासून दूर

फास्टर फेणे हा मुलांचा नायक असला तरी त्याचे नाते मोठ्यांसाठीच्या रहस्य-साहसकथांशीही आहे. बाबुराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे नायक घराघरांत पोहोचले. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप आणि सुहास शिरवळकर यांचा दारा बुलंद यांनी ही परंपरा पुढे नेली. एस.टी. स्थानकांवरील पुस्तकांची दुकाने आणि भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये यांच्या बळावर या कथा तालुक्याच्या गावांपर्यंत गेल्या. एक रात्र, एक पुस्तक असे त्यांचे गणित होते.

एवढी लोकप्रियता असूनही मराठी चित्रपटसृष्टीत या नायकांना फेणेसारखे स्थान लाभले नाही. शिरवळकरांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्यांच्या 'दुनियादारी' या कादंबरीवर संजय जाधव यांनी २०१३ मध्ये काढलेला चित्रपट तुफान चालला आणि दिवंगत लेखकाला नव्या पिढीचे वाचक मिळाले. मात्र पडद्यावर ज्यामुळे शिरवळकरांचे नाव गाजले, ती महाविद्यालयीन मैत्रीची कथा होती, दारा बुलंदची साहसकथा नव्हे.

याची कारणे शोधताना कोल्हापूरकडे पाहावे लागते. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून १९२९ मध्ये येथे स्थापन झालेल्या 'प्रभात'पर्यंत मराठी चित्रपटाची जडणघडण या शहरात झाली. भालजी पेंढारकर यांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) अशा चित्रपटांतून तलवार आणि घोडदौड पडद्यावर आणली. साहस हवे असलेल्या प्रेक्षकाची भूक इतिहासपटाने भागवली. पुढे १९८० नंतर 'धडाकेबाज' (१९९०), 'झपाटलेला' (१९९३) यांसारख्या महेश कोठारे यांच्या चित्रपटांत पाठलाग आणि मारामारी आली, पण ती विनोदाच्या सोबतीने. इतिहास आणि विनोद या दोहोंच्या मध्ये रहस्यकथेतील शहरी साहसनायकाला फारशी जागा उरली नाही. मोटारी, विमाने, परमुलूख यांनी भरलेल्या या कथा मराठी निर्मात्याच्या खिशाला परवडणाऱ्याही नव्हत्या. सायकलवरचा फेणे त्या मानाने आवाक्यात होता.

पहिला प्रयत्न : छोटा पडदा

दूरदर्शन हेच घरातील एकमेव मनोरंजन असण्याच्या काळात, १९८० च्या दशकात, फास्टर फेणे मालिकेच्या रूपाने छोट्या पडद्यावर अवतरला. भूमिका केली होती सुमीत राघवन या बालकलाकाराने. हाच अभिनेता पुढे बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेत बाल सुदामा म्हणून दिसला आणि नंतर मराठी व हिंदी रंगभूमी, मालिका व चित्रपट यांत स्थिरावला.

या प्रयत्नाने फेणेचे वय राखले. पडद्यावरचा नायक आणि समोर बसलेली बच्चेकंपनी जवळपास एकाच वयाची होती. पुस्तके लिहिली गेली तो काळही तेव्हा फार दूर गेलेला नव्हता. पुण्याची सायकलींचे शहर ही ओळख अद्याप पुसली गेली नव्हती आणि फुरसुंगी हे गावच होते. त्यामुळे पुस्तकातील जग पडद्यावर आणताना काळाची सांधेजोड करावी लागली नाही.

परंतु बालनायकाच्या बाबतीत या मार्गाला निसर्गाचीच मर्यादा असते. मुलाचा आवाज फुटतो, मिसरूड येते आणि दोन-तीन वर्षांत तो भूमिकेबाहेर वाढतो. पुस्तकातील फेणे वीस पुस्तके शाळेतच राहू शकतो, पडद्यावरचा राहू शकत नाही.

दुसरा प्रयत्न : २०१७ चा चित्रपट

त्यानंतर सुमारे तीन दशकांनी, २७ ऑक्टोबर २०१७ रोजी 'फास्टर फेणे' हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार आणि पटकथा-संवादलेखक क्षितिज पटवर्धन यांनी धाडसी निर्णय घेतला. त्यांनी काळ आजचा घेतला आणि फेणेचे वय वाढवले. अमेय वाघ याने साकारलेला बनेश शाळकरी मुलगा नाही, तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे. परीक्षेच्या वेळी भेटलेल्या एका मुलाने आत्महत्या केल्याची बातमी त्याला कळते. ती त्याला पटत नाही आणि शोध घेता घेता तो परीक्षांतील गैरव्यवहाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. या जाळ्याचा सूत्रधार अप्पा ही भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी केली. पर्ण पेठे, सिद्धार्थ जाधव आणि बालकलाकार शुभम मोरे यांच्याही भूमिका होत्या. रितेश व जेनेलिया देशमुख यांची मुंबई फिल्म कंपनी निर्मितीत सहभागी होती.

मूळ पुस्तकांपैकी एखादे जसेच्या तसे उचलण्याऐवजी लेखकाने नवी कथा रचली. मात्र मूळ साहित्याशी असलेले नाते एका वेगळ्याच पद्धतीने जपले. खुद्द भा. रा. भागवत यांनाच कथेत पात्र म्हणून आणले. पुण्यात बनेशला आसरा देणाऱ्या या वृद्ध लेखकाची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली. प्रभावळकर हे स्वतः 'बोक्या सातबंडे' या लाडक्या बालपात्राचे जनक. त्या बोक्यावरही २००९ मध्ये चित्रपट निघाला होता. एका बालनायकाच्या जनकाने दुसऱ्याच्या जनकाची भूमिका करावी, हा योग रसिकांना सुखावून गेला.

काय राखले, काय सुटले?

चित्रपटाने फेणेचे कुतूहल, त्याची 'ट्टॉक्' ही लकब, फुरसुंगी हे गाव आणि अन्यायाकडे पाठ न फिरवण्याचा स्वभाव राखला. सुटले ते बालपण. पुस्तकातील फेणे संकटात सापडला तरी वाचणाऱ्या मुलाला ठाऊक असे की तो 'ट्टॉक्' करीत सुखरूप परतणार. चित्रपटात मृत्यू, खंडणी आणि हिंसा यांची छाया गडद आहे. लहानपणी पुस्तके वाचून मोठे झालेल्या प्रेक्षकाला हा फेणे जवळचा वाटला. आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र त्याच्या वयाचा फेणे पडद्यावर अद्याप भेटायचा आहे.

असे असले तरी विषयाची निवड किती अचूक होती, याची साक्ष नंतरच्या घटनांनी दिली. मध्य प्रदेशातील व्यापम घोटाळा २०१३ मध्येच उजेडात आला होता. २०२४ मध्ये 'नीट' परीक्षेतील पेपरफुटीच्या आरोपांनी देशभर खळबळ उडाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवावा लागला. शिरोळसारख्या तालुक्यातील घरांत हा प्रश्न केवळ बातमीपुरता नाही. उसाच्या बिलातून शिकवणीची फी भरणाऱ्या पालकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या कष्टांवर तो थेट घाला आहे. परीक्षेतील लबाडी हाच आजच्या मुलांसमोरचा खलनायक आहे, हे चित्रपटाने वेळीच ओळखले.

फुरसुंगीही बदलली. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०१७ मध्ये, हे गाव पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. कचरा डेपोविरुद्धच्या आंदोलनांमुळे ते त्याआधीच वृत्तपत्रांत गाजत होते. पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांसाठी स्वतंत्र नगरपरिषद अस्तित्वात आली. भागवतांनी रंगवलेले, सायकलवरून शहरात जाण्याचे गाव आता शहरातच मिसळले आहे. फेणेला नव्या काळात आणणे अपरिहार्य का होते, याचे उत्तर या बदलातही आहे.

इतरांनी काय केले?

बंगालीत सत्यजित राय यांनी आपल्याच फेलूदाला 'सोनार केल्ला' (१९७४) आणि 'जय बाबा फेलुनाथ' (१९७९) मधून पडद्यावर आणले. तेथे साहसनायक प्रौढ आहे आणि मुलगा त्याचा सहकारी. त्यामुळे वयाचा पेच सुटला आणि राय यांच्यानंतरही फेलूदाचे चित्रपट निघत राहिले. शिवाय लेखक आणि दिग्दर्शक एकच असल्याने मूळ कथेचा सूर हरवला नाही.

अमेरिकेत १९१९ साली नियतकालिकातून अवतरलेला झोरो पुढच्याच वर्षी डग्लस फेअरबँक्सच्या चित्रपटातून जगभर गेला. पडद्यावरची त्याची वेषभूषा मूळ लेखकाने पुढील कथांत स्वीकारली. याउलट १९३३ पासून गाजलेल्या डॉक सॅव्हेजवर १९७५ मध्ये निघालेला चित्रपट पार कोसळला. जुन्या नायकाकडे त्या चित्रपटाने थट्टेच्या नजरेने पाहिले. जुन्या चाहत्यांना ते रुचले नाही आणि नव्यांना त्यात काही सापडले नाही. टिनटिन या चिरतरुण बातमीदाराला स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २०११ मध्ये सचेतपटाच्या तंत्राने पडद्यावर आणले. नटाच्या वयाची अडचण त्या मार्गात उरत नाही.

मराठी चित्रपटाने फेणेची थट्टा केली नाही. नायकावर विश्वास ठेवून त्याला आजच्या प्रश्नाशी भिडवले, हे त्याचे मोठे यश मानावे लागेल.

पुढची वाट

आदित्य सरपोतदार यांच्याच 'मुंज्या' (२०२४) या हिंदी चित्रपटाने कोकणातील लोककथा देशभरातील प्रेक्षकांपुढे नेली. मराठी मातीतील अद्भुताला मोठी बाजारपेठ आहे, हे त्यातून सिद्ध झाले. वीस पुस्तकांचा फेणे, शेकडो कथांचा झुंजार आणि दारा बुलंद ही संपत्ती मराठीपाशी आहे. या नायकांचे कपडे आणि वाहने खुशाल बदलावीत. स्वभाव मात्र बदलू नये, एवढाच धडा आजवरच्या प्रयत्नांतून मिळतो.

मुलांसाठीचा फेणे पडद्यावर आणायचा तर तो आजच्या एखाद्या तालुक्याच्या गावातच शोधावा लागेल. शिरोळच्या उसाच्या रानांतून शाळेकडे निघालेल्या सायकलींवर तो आजही असू शकतो. मात्र त्याला ओळखायचे, तर आधी ती वीस पुस्तके मुलांच्या हाती पडायला हवीत.

दृष्टिक्षेपात
* निर्माता लेखक : भा. रा. भागवत (१९१०-२००१)
* नायक : बनेश फेणे, गाव फुरसुंगी, शाळा विद्याभवन, पुणे
* मालिका : वीस पुस्तके
* छोटा पडदा : १९८० चे दशक, दूरदर्शन, भूमिका सुमीत राघवन
* चित्रपट : २७ ऑक्टोबर २०१७, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, भूमिका अमेय वाघ