विजेवरचे सूर

धारवाडचे नाव काढले की ऐकणाऱ्याला पेढा आठवतो आणि त्याच्या पाठोपाठ गाणे आठवते. गाणे म्हणजे अर्थातच ख्यालाचे. कुंदगोळचे सवाई गंधर्व, हुबळीच्या गंगूबाई हनगल, धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू ही नावे या भूमीने देशाला दिली. १९५० सालच्या जानेवारीत धारवाडला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि ते गाणे घरोघर पोहोचले. अशा गावात राहून विजेवर वाजणाऱ्या वाद्यांविषयी जिव्हाळ्याने बोलणे हे थोडे धाडसच आहे. तरीही आज त्याच विषयावर चार शब्द बोलावेत असा विचार आहे.

कारण असे की, आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या माणसाला हुरहूर लागते ती केवळ तानपुऱ्याची नव्हे. कॅसिओच्या आणि सिंथेसायझरच्या त्या काहीशा कृत्रिम, काचेवर नख वाजवावे तशा स्वराचीही त्याला आठवण येते. ही हुरहूर उथळ म्हणून झटकून टाकावी काय? मला तसे वाटत नाही. तिच्यामागे एक इतिहास आहे, आणि तो इतिहास टिपून ठेवला नाही तर हातचा जाणार आहे.

प्रत्येक नवे वाद्य प्रथम परके ठरते. हार्मोनियमचेच पाहा. ही पेटी युरोपातून आली. तिच्यात आपल्या श्रुती नाहीत, ही तक्रार मोठमोठ्या जाणकारांनी केली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी तर विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची खास पेटी घडवून घेण्याचा उद्योग केला आणि त्यांच्या श्रुतिविचाराला अब्दुल करीम खाँसाहेबांचे साहाय्य लाभले. पुढे १९४० साली नभोवाणीने हार्मोनियमला आपली दारेच बंद केली. धारवाडचे केंद्र सुरू झाले तेव्हा ती बंदी चालूच होती. १९७१ नंतर ती हळूहळू सैल झाली. आज याच पेटीवाचून आपली मैफल सुनी वाटते, आणि तिच्याकडे कोणी यंत्र म्हणून बोट दाखवीत नाही.

विजेच्या सुरांचीही कथा याच वळणाची आहे. १९५४ साली 'नागिन' हा चित्रपट आला. हेमंतकुमारांच्या संगीतातील बीनेच्या धुनेने सारा देश डोलला. रेडिओ सिलोनपुढे कान लावून बसलेल्या कितीजणांना ठाऊक होते, की ही बीन कोणा गारुड्याने फुंकलेली नाही? ती मुख्यतः कल्याणजींनी क्लॅव्हिओलिन नावाच्या वाद्यावर वाजविली होती. हे छोटे विजेचे वाद्य कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ साली काढले होते. एका वेळी एकच स्वर निघावा, ही त्याची मर्यादा. पण आपल्या एकस्वरी सुरावटीला तीच मर्यादा मानवली. परदेशी यंत्रातून निघालेला सूर आपण अस्सल देशी समजून हृदयाशी धरला.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९६९ साली, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकेहून मूग सिंथेसायझर आला. न्यूयॉर्कचे संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो तेथे उभा करून दिला. या कार्यामागे गीता साराभाई होत्या; १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या प्रसिद्ध संगीतकाराला भारतीय संगीताचे धडे देणाऱ्या त्या याच. अतुल देसाई, एस. सी. शर्मा, आय. एस. माथूर, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी त्या यंत्रावर रचना केल्या. काही थोड्या वर्षांतच तो उपक्रम थांबला आणि लोक तो विसरले. पण ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात राहिल्या होत्या. २०१७ च्या सुमारास पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताच्या हाती त्या लागल्या, आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना जगापुढे आल्या. भारतीय विद्युत्संगीताचा अर्धशतक जुना अध्याय कपाटातील फितींमुळे परत मिळाला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. चरणजित सिंग हे चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीच्या तीन यंत्रांवर दहा राग वाजवून एक तबकडी काढली. एका यंत्रावर सुरावट, दुसऱ्यावर घुमणारा खर्ज, तिसऱ्यावर ठेका, अशी ती रचना. तबकडी फारशी खपली नाही. शिकागोच्या तरुणांनी खर्जाच्या त्याच यंत्रातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार काढला तो चार-पाच वर्षांनंतर. २००२ साली एका डच संग्राहकाला भारतात या तबकडीची प्रत सापडली. २०१० साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि उतारवयात सिंगांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते निवर्तले. ती एक प्रत रद्दीत गेली असती तर आज त्यांचे नाव घ्यायला कोण उरले असते?

आता आपल्या प्रांताकडे येऊ. बंगळूरचे जी. राजनारायण हे अभियंते आणि बासरीवादकही. त्यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तानपुरा तयार केला. धारवाडसारख्या गावात या पेटीने काय केले, याचा विचार करण्याजोगा आहे. मिरजेचा तानपुरा म्हणजे कारागिरीचा उत्तम नमुना. पण तो महाग, मोठा आणि नाजूक. भोपळ्याला तडा जाण्याच्या भीतीने त्याला आगगाडीत मांडीवर घेऊन बसावे लागे. एका खोलीच्या बिऱ्हाडात शिकणाऱ्या मुलीला तो परवडावा कसा? तिच्या रियाजाला या पेटीने षड्ज-पंचमाचा आधार दिला. यात तोटाही आहे. तानपुरा जुळविताना विद्यार्थ्याचा कान तयार होतो. कळ फिरविली की मिळणाऱ्या सुरात ती शिकवण नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि इतिहासाने दोन्ही नोंदवाव्यात.

माझ्या शालेय वयात, म्हणजे १९९० नंतरच्या काळात, कॅसेटची भरभराट होती. लग्नाच्या वाद्यवृंदात, गणेशोत्सवाच्या मंडपात कॅसिओ हवाच असे. आमच्या चर्चच्या गायकवृंदातही पायपेटीची जागा त्यानेच घेतली. त्या दिवसांत मी एक वही ठेवीत असे. ऐकलेले प्रत्येक गाणे, कॅसेटची बाजू, आवडलेला एखादा विजेचा सूर आणि त्याविषयीचे माझे बालिश मत, असे त्यात लिहीत असे. आज ती वही चाळताना मतांचे हसू येते. पण एक रकाना मात्र मन अस्वस्थ करतो. 'वादक' असे शीर्षक दिलेला तो रकाना जवळजवळ कोराच आहे. कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. ज्याच्या बोटांनी तो सूर काढला त्याचे नाव क्वचितच असे.

हे कोरे रकाने भरण्याची वेळ अजून टळलेली नाही. हुबळी-धारवाडच्या वाद्यवृंदांतून वाजविणारी माणसे आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या कार्यक्रमांच्या कॅसेट कोणाच्या तरी माळ्यावर पडून आहेत. कॅसेटची फीत म्हणजे चुंबकीय द्रव्याचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पट्टी. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिला बुरशी धरते, वेढे एकमेकांना चिकटतात आणि एक दिवस आवाज मिटून जातो. म्हणून ती कोरड्या जागी उभी ठेवावी, जाणत्या माणसाकडून वेळीच तिची प्रत करून घ्यावी, आणि सोबत एका कागदावर गाव, साल आणि वादकांची नावे लिहावीत. नावाविना सूर वाचला तरी त्याचा धनी हरवतोच.

सवाई गंधर्वांचे गाणे जपण्यासाठी शिष्य होते, श्रोते होते, घराण्याचा अभिमान होता. विजेच्या सुरांना घराणे नाही. त्यांच्यापाशी आहेत त्या काही फिती, काही वह्या आणि ज्यांनी ते सूर ऐकले त्यांची स्मरणे. स्मरणरंजन गोड असते, परंतु माणसाबरोबर ते संपते. शेजारच्या एखाद्या वृद्ध वादकाकडे या रविवारी जावे, त्याच्या कॅसेट पाहाव्यात आणि तो सांगेल ती नावे लिहून घ्यावीत. पुढच्या पिढीच्या हाती मग आपली हुरहूर नव्हे, तर इतिहास पडेल.