थंड प्रदेशातील परसबदकांचे खुराडे

महाराष्ट्रात बदकांसाठी खुराडे बांधताना विचार होतो तो प्रामुख्याने ऊन, पाऊस आणि मुंगूस यांचा. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात या यादीत सर्वांत वर असते ती थंडी. तेथील मिनीॲपोलिस शहरात जानेवारीतील रात्रींचे सरासरी किमान तापमान शून्याखाली १३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ३० जानेवारी २०१९ रोजी तर पारा शून्याखाली ३३ अंशांपर्यंत उतरला होता. तरीही या राज्यात घरामागच्या अंगणात चार-सहा बदके हौसेने पाळली जातात आणि नीट बांधलेल्या खुराड्यात ती हिवाळा सुखरूप पार पाडतात. ज्यांची दगावतात, त्यांच्या खुराड्यात बहुतेक वेळा थंडीपेक्षा दमटपणाने घात केलेला असतो.

नवखा पालक पहिल्या हिमवर्षावाच्या धास्तीने खुराड्याची प्रत्येक फट बुजवतो, खिडक्यांवर प्लॅस्टिक ठोकतो आणि आत दिवा लावतो. हेतू चांगला असला तरी बदकाच्या शरीररचनेचा यात विसर पडलेला असतो. मस्कोव्ही वगळता सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून उतरलेली आहेत, आणि मॅलार्डचे काही थवे पाणी न गोठलेल्या ठिकाणी मिनेसोटातच हिवाळा काढतात. बदकाच्या शरीराचे तापमान ४१ अंशांच्या आसपास असते. पिसांखालचा मऊ लवेचा थर ही उष्णता धरून ठेवतो आणि शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेलामुळे वरची पिसे पाण्याला दाद देत नाहीत. पायांत खाली जाणारे गरम रक्त वर येणाऱ्या गार रक्ताला उष्णता देत जाते, त्यामुळे बर्फावर उभे राहूनही शरीर फारसे निवत नाही. मात्र या व्यवस्थेला कोरडेपणाची जोड लागते. मळलेल्या, ओलसर पिसांतील हवेचा थर नाहीसा झाला, की हाच पक्षी गारठू लागतो.

अडचण अशी, की बदक स्वतःच ओलावा निर्माण करते. त्याची विष्ठा पातळ असते, श्वासातून वाफ बाहेर पडते आणि पाण्याचे भांडे दिसले की ते चोचीने चहूकडे पाणी उडवते. बंद खुराड्यात ही वाफ छताला व काचेला लागून थिजते आणि थेंबाथेंबाने परत अंथरुणावर पडते. विष्ठेतून निघणारा अमोनिया डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला इजा करतो. म्हणून वायुवीजनाची जागा प्रथम ठरवावी आणि भिंती त्यानंतर आखाव्यात. समोरासमोरच्या दोन भिंतींत छताच्या अगदी खाली लांबट झरोके ठेवावेत. ते हिवाळाभर उघडे राहतील. बदके जमिनीवरच बसतात, त्यामुळे जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत भिंतीला एकही फट नसावी. वारा डोक्यावरून जावा, अंगावरून नव्हे. सकाळी खिडकीच्या आतल्या बाजूला दव किंवा बर्फाची नक्षी दिसली, तर झरोके अपुरे आहेत असे समजावे. वासाची परीक्षा मात्र उभ्याने घेऊ नये; बदकाच्या उंचीपर्यंत वाकून श्वास घ्यावा.

जागेचे गणित कोंबड्यांहून वेगळे आहे. बदके दांडीवर बसत नाहीत, त्यामुळे उंचीचा त्यांना उपयोग नसतो. लागते ती जमीन. दर पक्ष्यामागे किमान चार चौरस फूट जागा धरतात, पण हिमवादळात दोन-दोन दिवस आत राहावे लागत असल्याने सहा चौरस फूट धरणे बरे. चार बदकांना सहा फूट लांब व चार फूट रुंद खुराडे पुरते. बाजारात तयार मिळणारी खुराडी दिसायला देखणी असली तरी ती बहुधा कोंबड्यांसाठी बनवलेली असतात, आणि त्यांवर छापलेली पक्ष्यांची संख्या निम्मी धरणेच शहाणपणाचे. दार निदान चौदा इंच रुंद असावे, कारण बदके एकामागून एक न येता एकदमच बाहेर घुसतात. त्यांचे पाय दुबळे असतात; उंच उंबरठ्यावरून उडी मारताना पाय मुरगळून पक्षी लंगडा होतो. चढण ठेवायचीच झाली तर ती सौम्य आणि खडबडीत ठेवावी. मिनेसोटात हिवाळ्यात बोचरे वारे मुख्यतः वायव्येकडून येतात. त्यामुळे दार व खिडकी दक्षिणेला किंवा आग्नेयेला ठेवतात. तेवढेच थोडे ऊनही आत येते.

भिंती दुहेरी करून मधे उष्णतारोधक थर भरता येतो. तो पूर्णपणे फळ्यांनी झाकावा. उघडा फोम उंदीर पोखरतात आणि बदकेही टोचून खातात. पैसे मर्यादित असतील तर भिंतींआधी छताला हा थर द्यावा, कारण वाफ थिजून ठिबकते ती गार पत्र्यावरूनच. जमिनीवर लाकडाचा भुसा किंवा गव्हाचा कोरडा पेंढा सहा-आठ इंच जाड पसरतात आणि ओला भाग दिसेल तसा वर नवा थर टाकत जातात. खालचा थर हळूहळू कुजतो व थोडी ऊबही देतो. बुरशी धरलेले गवत मात्र कदापि वापरू नये. त्यातील ॲस्परजिलस बुरशीमुळे फुप्फुसांचा प्राणघातक रोग होतो.

पाणी हा या योजनेतील सर्वांत त्रासदायक भाग. चोच आणि नाकपुड्या बुडतील इतके खोल पाणी बदकाला रोज लागते, नाहीतर डोळे व नाकपुड्या चिकटून आजार होतात. ते खुराड्यात ठेवले की अंथरूण भिजते, बाहेर ठेवले की तासाभरात गोठते. यावर तोडगा म्हणून विजेवर मंद तापणारी बादली बाहेर, खडीच्या थरावर ठेवतात. ती जागा दारापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावी, अन्यथा सांडलेल्या पाण्याचा बर्फ होऊन दारच उघडत नाही. रात्री खाद्य आणि पाणी दोन्ही काढून घेण्याची पद्धत आहे. खाद्यच नसल्याने पाण्यावाचून अडत नाही.

दिव्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. खुराड्यात टांगलेला अडीचशे वॉटचा उष्णतादीप म्हणजे कोरड्या पेंढ्यावर लटकणारी आग होय. पंख लागून किंवा साखळी निसटून तो पडला, तर काही मिनिटांत खुराडे खाक होते. शिवाय हिमवादळात वीज गेली, की ऊबेला सरावलेले पक्षी एकाएकी गारठ्यात सापडतात. पूर्ण वाढलेल्या पेकिन, रुआं किंवा खाकी कॅम्पबेल बदकांना त्याची गरज नसते. सडपातळ इंडियन रनरला थंडी अधिक बाधते, तर उष्ण प्रदेशातून आलेल्या मस्कोव्हीच्या चेहऱ्यावरील उघड्या मांसल त्वचेला हिमदंश होतो. तेव्हा जातीची निवड हाही खुराड्याच्या आराखड्याचाच भाग आहे.

रॅकून हा तेथील मुंगूस. साधी कडी तो हातांनी उघडतो, म्हणून दुहेरी कुलूपबंद खिट्टी लावतात. मिंक आणि वीझल इंचभर भोकातूनही आत शिरतात. त्यामुळे झरोक्यांसह सर्वत्र अर्धा इंच छिद्रांची मजबूत तारेची जाळी हवी. कोंबड्यांसाठीची षट्कोनी जाळी पक्ष्यांना आत ठेवते, शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. मोकळ्या आवारावर जाळीऐवजी भक्कम छप्पर घालण्याकडे अलीकडे कल आहे. हिमाचा भार हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे बर्ड फ्लू. २०२२ च्या एच५एन१ साथीचा मिनेसोटातील टर्कीपालनाला मोठा तडाखा बसला आणि परसातले थवेही त्यातून सुटले नाहीत. हे राज्य मिसिसिपी नदीलगतच्या पक्षी-स्थलांतरमार्गावर येते, आणि वरून उडणाऱ्या रानबदकांची विष्ठा आवारात पडू न देणे एवढे तरी पालकाच्या हाती असते.

हे सारे काम जमीन गोठण्यापूर्वी उरकावे लागते. उथळ पुरलेले खांब गोठून फुगणाऱ्या मातीमुळे वर उचलले जातात आणि दार तिरके होऊन अडते. म्हणून लहान खुराडे सिमेंटच्या ठोकळ्यांवर किंवा जाड ओंडक्यांवर ठेवतात. खणून आत येणाऱ्यांसाठी जाळीची फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला जमिनीखाली आडवी पुरतात. डिसेंबरात तेथे कुदळ चालत नाही.