काय बघायचं, हे कोण सांगणार? एडिंबरा फ्रिंज आणि शिफारशीचा इतिहास

आज सुरुवात एका साध्या अडचणीने करू. समजा, ऑगस्ट महिन्यात तुम्ही स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात उतरलात. हातात तीन दिवस आहेत. दिवसाला पाच प्रयोग बघितले, तरी पंधराच्या पुढे मजल जाणार नाही. आणि शहरात कार्यक्रम किती? २०१९ साली ते ३,८०० हून जास्त होते आणि तिकिटं गेली ३० लाखांच्या वर. मग आपले पंधरा कोणते? ते कोणाला विचारायचं?

आपल्याकडे नाट्यमहोत्सव म्हटला की निवड समिती आलीच. चार जाणकार बसतात, संहिता वाचतात आणि आपल्यासाठी चाळणी लावून ठेवतात. एडिंबऱ्याच्या फ्रिंज महोत्सवात ही समितीच नाही. नोंदणीचं शुल्क भरा, जागा शोधा आणि प्रयोग लावा. चांगलं काय, वाईट काय, हे ठरवायचं काम थेट प्रेक्षकाच्या गळ्यात पडतं. म्हणून मला वाटतं, फ्रिंजचा इतिहास हा नाटकांचा जितका आहे, तितकाच शिफारशीचाही आहे. आज तोच धागा धरून बोलतो.

मागे जाऊ, १९४७ सालात. महायुद्ध संपून दोन वर्षं झालेली, ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालू. अशा वेळी एडिंबऱ्यात आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरतो. त्याचे पहिले संचालक रुडॉल्फ बिंग, मूळचे ऑस्ट्रियाचे. व्हिएन्नाचा मोठा वाद्यवृंद येतो, लंडनची ओल्ड व्हिक नाटक मंडळी येते. कार्यक्रम अव्वल दर्जाचा, पण त्यात स्कॉटिश रंगभूमीला जागा नाही. तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना येऊन हजर झाल्या. सहा स्कॉटलंडच्या, दोन इंग्लंडच्या. ग्लासगोच्या युनिटी थिएटरने मॅक्सिम गॉर्कीचं ‘द लोअर डेप्थ्स’ लावलं. एका मंडळीने तर खाडीपलीकडच्या डनफर्मलिन गावातल्या मठात प्रयोग केला.

पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककार-पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिताना या मंडळींसाठी ‘फ्रिंज’ हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे कापडाची कड, आपल्या उपरण्याच्या दशा असतात ना, तसं. मूळ वस्त्र सरकारी, आणि या कडेला लोंबणाऱ्या दशा. नाव चिकटलं. गंमत म्हणजे पुढे दशाच वस्त्रापेक्षा मोठ्या झाल्या.

पण प्रेक्षकाला कळायचं कसं, की कुठल्या बोळात, कुठल्या चर्चच्या हॉलमध्ये काय चाललंय? छबिलदास शाळेच्या सभागृहातले प्रयोग ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. नाट्यगृह नसलेल्या जागेतलं नाटक आधी सापडावं लागतं, मग ते बघता येतं. एडिंबऱ्यात १९५४ साली एका छापखानेवाल्याने सगळ्या मंडळ्यांची एकत्र पुस्तिका काढायचा पहिला प्रयत्न केला. १९५५ मध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एकत्र तिकीट खिडकी चालवून बघितली आणि त्यात पैसे गमावले. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली. माहिती देणं, पुस्तिका छापणं, तिकिटं विकणं ही तिची कामं. आणि तिच्या घटनेत एक गोष्ट पक्की झाली: सोसायटी कुठल्याही प्रयोगाची छाननी करणार नाही.

हा निर्णय नीट समजून घ्या. दार सगळ्यांना उघडं, हे झालंच. पण त्याच क्षणी निवडीची जबाबदारीही सोसायटीने सोडून दिली. तिच्या पुस्तिकेत जो तो स्वतःबद्दल चार ओळी लिहितो. म्हणजे प्रत्येक जण आपलीच शिफारस करतो! आता उरलं कोण? समीक्षक आणि शेजारच्या खुर्चीवरचा प्रेक्षक.

समीक्षकाने काय होऊ शकतं, याचा दाखला १९६६ चा. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी एका नवख्या लेखकाचं नाटक आणलं. ‘हॅम्लेट’मधली दोन किरकोळ पात्रं घेऊन लिहिलेलं ‘रोझेनक्रांट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’. लेखक टॉम स्टॉपार्ड, वय २९. स्थानिक समीक्षकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. पण ‘ऑब्झर्व्हर’च्या रोनाल्ड ब्रायडन यांनी ते पाहिलं आणि रविवारच्या अंकात भरभरून लिहिलं. ते वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवली. एप्रिल १९६७ मध्ये तेच नाटक लंडनला नॅशनलच्या रंगमंचावर आलं. आता विचार करा, त्या दिवशी ब्रायडन दुसरीकडे गेले असते तर?

पुढचा टप्पा १९७३. ‘स्कॉट्समन’ या एडिंबऱ्याच्या दैनिकाचे कलासंपादक ॲलन राइट यांनी ‘फ्रिंज फर्स्ट’ हे पुरस्कार सुरू केले. मंडळ्यांनी जुनी, हमखास चालणारी नाटकं आणण्याऐवजी नवं लिखाण आणावं, हा हेतू. यातली खुबी वेळेत आहे. हे पुरस्कार महोत्सव संपल्यावर दिले जात नाहीत. तो चालू असताना, दर आठवड्याला जाहीर होतात. म्हणजे सकाळी नाव वाचलं की संध्याकाळी तिकीट काढता येतं. प्रयोग उतरल्यावर केलेलं कौतुक म्हणजे श्रद्धांजलीच म्हणायची. खुर्च्या रिकाम्या असताना केलेलं कौतुक उपयोगी पडतं.

१९८१ मध्ये विनोदी कार्यक्रमांसाठी पेरिए पुरस्कार आला. पहिला मान केंब्रिजच्या फूटलाइट्स मंडळीला. त्यात स्टीफन फ्राय, ह्यू लॉरी, एमा थॉम्पसन होते. हळूहळू विनोदाचा वाटा वाढत गेला आणि २००८ साली पुस्तिकेतला सगळ्यात मोठा विभाग विनोदाचा झाला, नाटकाचा नव्हे. पुरस्कार कुठे ठेवला, यावर माणसं काय घेऊन येतात तेही बदलतं, हे यात दिसतं.

आणि मग आले तारे. रॉयल माइल हा जुन्या शहरातला मुख्य रस्ता. ऑगस्टमध्ये तिथून चालायला लागलात की दर चार पावलांवर कोणीतरी हातात पत्रक देतं. बरेचदा ते देणारा स्वतः नटच असतो. भिंतीवर पोस्टर, आणि त्यावर रात्री घाईघाईने चिकटवलेली पट्टी: चार तारे, पाच तारे. ब्रायडन यांच्या लेखाला कारणं होती, त्याखाली नाव होतं, आवडनिवड होती. ताऱ्याला यातलं काहीच नाही. कोणी दिला, कशासाठी दिला, हे लांबून दिसत नाही. पाच तारे सगळे सारखेच चमकतात. आणि तीन तारेवाला, ज्याचं काम कदाचित तुम्हाला फार आवडलं असतं, तो पट्टी लावतच नाही.

इथे कोणाचं काय पणाला लागलेलं असतं, ते बघा. जागेचं भाडं, नोंदणी, ऑगस्टमधल्या खोलीचे चढे दर, हे सगळं बहुतेक वेळा कलाकार स्वतःच्या खिशातून भरतो. २०१३ साली फीबी वॉलर-ब्रिज यांचा ‘फ्लीबॅग’ हा एकपात्री प्रयोग इथे झाला, त्याला फ्रिंज फर्स्ट मिळालं आणि २०१६ मध्ये त्याची बीबीसीवर मालिका झाली. ही गोष्ट सगळे सांगतात. पण तेवढीच सांगितली तर इतिहास खोटा ठरेल. त्याच गल्लीत कर्ज काढून आलेले आणि आठ-दहा माणसांपुढे महिनाभर खेळ करून परत गेलेलेही असतात. ही तक्रार जुनीच. म्हणून तर १९९६ मध्ये पीटर बकली हिल यांनी ‘फ्री फ्रिंज’ सुरू केली. कलाकाराकडून जागेचं भाडं नाही, प्रेक्षकाला तिकीट नाही, शेवटी बादली फिरते. पटलं तेवढं टाका.

जत्रेला हौशे, नवशे, गवशे येतात म्हणतात. फ्रिंजलाही येतात. पण ती चालते चौथ्या माणसाच्या जिवावर, जो बघून आल्यावर दुसऱ्याला नीट सांगतो. तिकिटाच्या रांगेत, कॉफीच्या टेबलावर अनोळखी माणसं एकमेकांना विचारतात, ‘काय पाहिलंत?’ नुसतं ‘छान होतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. कोणाला आवडेल, कोणाला नाही, किती वाजता आहे, जागा सापडते का, किती दिवस उरलेत, हे सांगावं लागतं. एवढं सांगितलं की ऐकणारा आपलं आपण ठरवतो.

२०२० साली महामारीमुळे फ्रिंज पहिल्यांदाच रद्द झाली. रस्ता रिकामा, पत्रकं नाहीत, रांगेतला तो प्रश्नही नाही. महोत्सव म्हणजे नुसते प्रयोग नव्हेत, हे तेव्हा कळलं.

तेव्हा तीन दिवस असतील, तर माझं म्हणणं एवढंच. पंधरापैकी दहा प्रयोग ऐकून, विचारून निवडा. पाच असे बघा, ज्यांच्याबद्दल कोणीच काही बोललेलं नाही. त्यातले तीन फसतील, फसू द्या. एखादं लागलं, तर त्याच रात्री चार जणांना सांगा. उद्यावर टाकू नका, कारण उद्या कदाचित त्यांचा शेवटचा प्रयोग असेल.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.