नकाशा-प्रतिमा सेवा व पायथन-आलेखन

नकाशा-प्रतिमा सेवा (वेब मॅप सर्व्हिस) : दूरस्थ संगणकात साठविलेल्या भौगोलिक माहितीवरून, मागणीत नमूद केलेल्या चौकटीपुरता नकाशा तत्काळ रेखाटून तो चित्ररूपाने आंतरजालावरून पाठविण्याची प्रमाणित पद्धती. पायथन या संगणकभाषेतील आलेखन-साधने असे चित्र मागवून ते अक्षांश-रेखांशांच्या जाळ्यावर बसवितात व त्यावर गावे, नद्या, पर्जन्यमान इ. माहिती काढतात.

चित्र व मोजणी यांतील भेद महाराष्ट्रास नवा नाही. आर. के. प्रिंगल यांच्या मोजणीतील दोष आढळल्यावर १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर भागात जमीनमोजणीचे काम नव्याने हाती घेतले आणि त्यातून मुंबई इलाख्यातील सर्वेक्षण-पद्धती सिद्ध झाली. या पद्धतीत ३३ फुटी साखळी वापरीत. तिचे १६ आणे पाडलेले असत व साखळीचा एक वर्ग म्हणजे गुंठा. गावनकाशा सर्वांना दिसे; तथापि बांधाचा तंटा उद्भवल्यास टिपणातील अंक पाहिले जात. नकाशावरची रेघ ही त्या अंकांची केवळ छाया होय.

झेरॉक्स कंपनीच्या पालो ॲल्टो येथील संशोधन केंद्राने १९९३ मध्ये, वाचकाच्या मागणीनुसार नकाशा काढून देणारे पृष्ठ आंतरजालावर ठेवले. तथापि प्रत्येक संस्थेची मागणी-भाषा निराळी असल्याने एकीचे चित्र दुसरीच्या चित्रावर बसविणे कठीण जाई. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ओपन जीआयएस कन्सॉर्शियमने (पुढे ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम) २००० मध्ये या सेवेचे प्रमाण प्रसिद्ध केले. १.१.१ ही आवृत्ती २००२ मध्ये, तर १.३.० ही २००४ मध्ये निघाली. तिलाच पुढे आयएसओ १९१२८ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. सेवेस प्रथम तिच्याजवळील थरांची यादी विचारावयाची, नंतर थर, चौकट, निर्देशपद्धती आणि चित्राची रुंदी व उंची कळवून नकाशा मागावयाचा, असा क्रम असतो. भारतात इस्रोने १२ ऑगस्ट २००९ रोजी ‘भुवन’ सुरू केले व त्याचे थर याच प्रमाणानुसार उपलब्ध करून दिले.

पायथनमधील मॅटप्लॉटलिब हे आलेखन-साधन जॉन हंटर (मृत्यू २०१२) या चेतासंशोधकाने २००३ मध्ये प्रसिद्ध केले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌ लहरी पाहणे, हे त्याचे मूळ प्रयोजन. नकाशाचा त्यात विचार नव्हता. जेफ्री व्हिटेकर यांच्या बेसमॅपने ती उणीव भरून काढली. ब्रिटिश हवामान कार्यालयात तयार झालेले कार्टोपाय आता अधिक रूढ आहे. सेवेशी संभाषण करण्याचे काम मात्र यांपैकी कोणीही स्वतः करीत नाही. ते ओडब्ल्यूएसलिब या स्वतंत्र ग्रंथालयाकडे असते.

श्रीगोंदे तालुक्यातील (जि. अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर) काष्टी हे गाव उदाहरणादाखल घेता येईल. दौंड–मनमाड लोहमार्गावरील हे स्थानक दौंडच्या उत्तरेस, भीमेपलीकडे आहे. पू. रेखांश ७४.४५° ते ७४.७०° व उ. अक्षांश १८.४५° ते १८.६५° या चौकटीत काष्टी व दौंड दोन्ही येतात. १.१.१ आवृत्तीत आधी रेखांश व मग अक्षांश लिहावयाचा असतो. १.३.० मध्ये नेहमीच्या ईपीएसजी ४३२६ या निर्देशपद्धतीपुरता हा क्रम उलटा झाला. जुन्या क्रमाने नवी मागणी केल्यास ती चूक म्हणून परत येतेच असे नाही. ७४° उत्तर व १८° पूर्व हेही पृथ्वीवरचे खरे ठिकाण आहे. काष्टीऐवजी नॉर्वेच्या अस्वल बेटानजीकचा बॅरेंट्स समुद्र मिळतो, आणि सेवेकडे तेथील माहिती नसल्यास कोरे चित्र येते. कोऱ्या चित्रामुळे सेवाच बंद असल्याचा समज होतो. ओडब्ल्यूएसलिब काही न सांगितल्यास १.१.१ हीच आवृत्ती मागते, हे नवशिक्याच्या पथ्यावरच पडते.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. चित्राची पहिली ओळ वरची, म्हणजे उत्तरेची असते. आलेखाचा य-अक्ष मात्र खालून वर वाढतो. चित्र हाताने बसविताना आरंभबिंदू खाली धरला गेल्यास नकाशा उलटा होतो. काष्टी चौकटीच्या मध्याजवळ असल्याने तिचा बिंदू जवळजवळ जागच्या जागी राहतो व सर्व ठीक भासते. दौंड मात्र भीमेसह उत्तरेच्या कडेला जाते. म्हणून पडताळ्यासाठी मध्यावरचे नव्हे, तर कडेचे ठिकाण घ्यावे.

वरील चौकट १००० × ८०० चित्रबिंदूंत मागितल्यास एक बिंदू सु. २६ मी. रुंद व २८ मी. उंच भूभाग व्यापतो. हे क्षेत्र सात गुंठ्यांहून थोडे अधिक भरते. त्यावरून बांध ठरविणे व्यर्थ होय. लहान चौकट मागून बिंदू बारीक करता येतो; परंतु मूळ माहिती तेवढी सूक्ष्म नसेल, तर केवळ चित्र मोठे होते. रंगांचेही तसेच. थरातील हिरवा रंग हा सेवेने निवडलेला संकेत आहे, पिकाचे मापन नव्हे. मूळ मूल्ये हवी असल्यास वेब कव्हरेज सर्व्हिस ही निराळी सेवा वापरावी लागते.

भारतीय सर्वेक्षण विभागाची जुनी पत्रके १८३० च्या एव्हरेस्ट विवृत्ताभावर आधारलेली आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार काढलेली खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. जुन्या पत्रकावरून वाचलेले काष्टीचे अक्षांश-रेखांश रूपांतराविना आजच्या सेवेच्या प्रतिमेवर टाकल्यास बिंदू शंभर मीटरांच्या आसपास सरकतो. गावाच्या नकाशात हे अंतर डोळ्यांत भरत नाही. विहिरीची जागा मात्र त्याने दुसऱ्याच्या शेतात जाते.