वाचासंयम आणि कायद्याची सीमा

मळवली स्थानकावर उतरले की एका अंगास भाजे व दुसऱ्या अंगास कार्ले येथील लेणी आहेत. कार्ले चैत्यगृहात दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत, सिंहदत्त हा गंधिक आहे, सामी हा सुतारही आहे. परदेशी व कारागीर यांना सन्मानाचे स्थान देणाऱ्या या परंपरेने वाणीचाही विचार केला होता. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘वचगुती’, म्हणजे वाचासंयम, सांगितला आहे. अकारण स्वपंथाची स्तुती व परपंथाची निंदा करू नये, असा त्याचा आशय. तेथे दंड मात्र सांगितलेला नाही.

आधुनिक राज्याने दंड सांगितला. लाहोरातील एका पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयात निर्दोष सुटल्यानंतर, १९२७ साली, भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ आले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. नुसते भावना दुखावणे हाच गुन्हा ठरला असता, तर महाडचा सत्याग्रहीही आरोपी ठरता! परंतु या कलमास हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धी लागते, आणि त्याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने ते १९५७ मध्ये वैध ठरविले.

ही सीमा किती नाजूक आहे, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. शासनाने १९८७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनाचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, प्रसिद्ध केला. राम व कृष्ण यांविषयीच्या परिशिष्टावर भावना दुखावल्याची ओरड झाली, ते वगळण्याची मागणी झाली. १९८८ च्या आरंभी दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. अखेर शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप घालून परिशिष्ट राहिले.

म्हणून द्वेषवाणीवर कायदा नकोच काय? आम्ही तसे म्हणत नाही. ग्रंथाची चिकित्सा आणि माणसाची अवहेलना या भिन्न गोष्टी होत. अभयराजकुमार सुत्तात तथागत अप्रिय वाणीही वर्ज्य मानीत नाहीत. ती सत्य, हितकर व योग्य वेळी असावी, एवढेच. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा ठरविला. २०१५ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरविणेही त्यात आणले. येथे संरक्षण श्रद्धेला नसून जिवंत माणसाच्या प्रतिष्ठेला आहे.

१ जुलै २०२४ पासून २९५-अ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने घेतली. ‘हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धी’ ही अट तीतही आहे. ती सैल करण्याची मागणी पुढे आली, तर पहिली झळ कोणत्या ग्रंथांना लागेल, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.